तिरका पलंग

बुधवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी शुभंकरच्या पडद्यावर एक तिरका पलंग आला. तसे त्याच्या पडद्यावर रोज चारशे पलंग येत. व्हाइटफील्डमधल्या एका काचेच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर बसून तो इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांमधल्या पेशंटांचं समाधान मोजत असे. हे काम आपण करतो असं सांगितलं की लोक आधी हसत आणि मग पगार विचारत. पेशंट घरी जाताना एक कार्ड भरायचा, त्यावरचं पेशंटचं, नर्सचं, रुग्णालयाचं नाव पुसून ते बंगळूरला यायचं, कॉम्प्युटर ते वाचून कुठल्या खान्यात टाकायचं याचा अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज बरोबर आहे की नाही हे शुभंकरने बघायचं. खाने पाच होते: जेवण, स्वच्छता, वागणूक, सुरक्षा आणि इतर. माणसाचं आजारपण या पाचांत कसं मावेल, असं त्याला पहिल्या आठवड्यात वाटलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून ते मावायला लागलं. दिवसाला चारशे कार्डं म्हटल्यावर पूर्ण कार्ड कोणीच वाचत नसे. पडद्यावर पहिल्या तीन-चार ओळी दिसत, खाली बारीक अक्षरात ‘पुढे वाचा’ असं लिहिलेलं असे, आणि ते ‘धूम्रपान करू नये’ सारखं, दिसत असूनही न दिसणारं होतं. तर त्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं: चौदा नंबरचा पलंग. नर्सने फोनमध्ये काहीतरी बघून माझा पलंग भिंतीला तिरका लावला. मी म्हणालो, वाकडा झाला. ती म्हणाली, नाही, आता सरळ झाला. कॉम्प्युटरने हे ‘जेवण’ या खान्यात टाकलं होतं.

शुभंकर आधी हसला. मग त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कारण भिंतीला तिरक्या पलंगाला सरळ म्हणणारी माणसं त्याच्या माहितीत जगात चारच होती. त्यातला एक तो स्वतः होता आणि दोघं राजाजीनगरात घरी होती. चौथी त्याची थोरली बहीण, म्हणजे अक्का, सुप्रीता, दोन वर्षांपूर्वी नर्स म्हणून इंग्लंडला गेली होती.

राजाजीनगरातलं त्यांचं घर रस्त्याच्या कलाने बांधलेलं होतं आणि रस्ता कोणाच्या कलाने बांधला होता हे कोणालाच माहीत नव्हतं. आईचा, म्हणजे अनुसूयाबाईंचा, नियम एवढाच होता की झोपताना डोकं दक्षिणेला हवं. एवढा नियम पुष्कळ घरांत असतो आणि त्याने कोणाचं नुकसान होत नाही. पण अप्पा, म्हणजे रघुपती, भूमापन खात्यात होते. तेहतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींच्या कडा सरळ केल्या होत्या. त्यांना दक्षिण ‘साधारण तिकडे’ चालत नसे. लग्नानंतर आठव्या दिवशी त्यांनी पितळी होकायंत्र काढलं, घर सतरा अंशांनी वाकडं असल्याचं जाहीर केलं आणि सगळे पलंग सतरा अंश फिरवले. तेव्हापासून त्या घरात एकही पलंग भिंतीला समांतर नव्हता. पाहुण्यांना वाटायचं की रंगकाम चाललंय. एकदा चिकपेटहून गाद्या घेऊन आलेला माणूस ‘अय्यो, मी लावून देतो’ म्हणत पलंग भिंतीला लावायला गेला, तेव्हा अप्पांनी त्याला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक कन्नडमधून समजावून सांगितला होता. तो माणूस मान डोलावत ‘सरी, सरी’ म्हणत राहिला आणि त्यानंतर कधी त्या गल्लीत दिसला नाही.

प्रत्येक पलंगाच्या उशामागे त्यामुळे एक तिकोनी पोकळी राहायची. कंगवे, गोट्या, शाळेचं कन्नडचं पुस्तक, सगळं शेवटी त्या तिकोनात सापडायचं. सुप्रीताच्या पलंगामागच्या तिकोनात ती नऊ वर्षांची असताना तिने दवाखाना काढला होता. त्यात एकच पेशंट मावायचा आणि तो पाच वर्षांचा शुभंकर होता. त्याला काहीही झालेलं नसायचं, ही त्या दवाखान्यातली एकमेव अडचण. मग ती आईच्या जुन्या साडीच्या पट्ट्या त्याच्या गुडघ्याला बांधायची, कपाळावर ओला रुमाल ठेवायची आणि वहीवर पेन्सिल धरून विचारायची, “दहापैकी किती बरं वाटतंय?” तो चार म्हणायचा. ती पट्टी सोडून पुन्हा बांधायची. सहा म्हणाला की खडीसाखर. तो दहा म्हणेपर्यंत पेशंटला सुट्टी नव्हती. एकदा तो संध्याकाळचा खेळ बुडेल म्हणून पहिल्याच फटक्यात दहा म्हणाला, तर तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने स्वतःहून सात केले. ओल्या रुमालाचा तो वास, भिंतीच्या चुन्याचा गारवा आणि दोन भिंतींच्या मधे आपण नीट बसवले गेलो आहोत ही भावना त्याला पुढे आयुष्यात कुठेच पुन्हा मिळाली नाही, आणि शोधत बसावं इतकी मोठीही ती वाटली नाही. आता सहाव्या मजल्यावर, एसीच्या झोताखाली, ती नाकाशी आली.

त्याने ‘सुरक्षा’ या खान्यावर बाण नेला.

बाण आपोआप गेला असं म्हणायला त्याला आवडलं असतं. प्रशिक्षणात त्यांना शिकवलं होतं: पलंग हलवला, कठडा काढला, बेल हाताशी नाही, असं काहीही दिसलं की ‘सुरक्षा’, दुसरा विचार नको. ‘सुरक्षा’ गेलं की ते कार्ड रुग्णालयाच्या समितीपुढे जायचं आणि त्या वेळी कामावर असलेल्या नर्सची फाइल उघडायची. आणि गेल्याच रविवारी व्हिडिओवर, मागे पावसाने भिजलेली खिडकी आणि पुढे आईने शिकवलेलं सारू भुरकत, अक्का म्हणाली होती, “महिनाअखेर माझा नोकरीचा कागद पक्का होतो की नाही ते कळेल. दोन वर्षं संपतायत. तक्रार नसली म्हणजे झालं. सुरक्षेची तर एकही नको.” आई म्हणाली होती, “आणि पक्का नाही झाला तर?” अक्का म्हणाली होती, “तर काय, येते परत. तुम्हाला बरंच.” त्यावर पडद्यात काही क्षण कोणीच हललं नव्हतं, इतकं की अप्पांना नेट गेलं असं वाटून त्यांनी फोन हलवून बघितला होता.

म्हणजे एक टिचकी मारली की अक्का घरी. आणि ती टिचकी नियमाने बरोबर. इतकी सोय देवानेही कधी कोणाची केली नसेल, असं शुभंकरला वाटलं, आणि त्याचा संशय बळावला. खरं बोलून स्वार्थ साधतोय अशी वेळ त्याच्यावर पूर्वी आलेली नव्हती. खोटं बोलून साधायची त्याला सवय होती, त्यात निदान आपण काय करतोय ते कळतं. त्याने बाण ‘वागणूक’वर नेला. तिथे ती कायमची तिकडे. पुन्हा ‘सुरक्षा’वर आणला. इथे ती एप्रिलमध्ये राजाजीनगरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून फणसाच्या गऱ्यांच्या बिया काढतेय. डोळ्यांना बिया दिसल्या. बोटांना चीक लागला.

आणि लगेच त्याला मागच्या वर्षीचा वॉर्ड आठवला. अप्पांचं हर्नियाचं ऑपरेशन. खाजगीत करू या म्हटलं तर अप्पा म्हणाले, “माझी मुलगी जिथे अकरा वर्षं होती तिथेच.” सरकारी रुग्णालय, चाळीस पलंगांचा पुरुष वॉर्ड, आणि सकाळच्या पाळीला नर्स एक. रम्या तिचं नाव. अक्काच्या हाताखाली शिकलेली, बारीक, चालताना बुटांचा आवाज न करणारी. अप्पांना आणून झोपवलं तेव्हा तिने काही न विचारता गुडघ्याने पलंगाला रेटा दिला आणि तो तिरका केला. अप्पा गुंगीत होते, तरी म्हणाले, “अजून स्वल्प.” तिने आणखी थोडा रेटून स्वल्प केलं. “अक्कांनी सांगून ठेवलंय,” ती शुभंकरला म्हणाली, “की अप्पा कधी आले तर आधी पलंग, मग सलाइन.” मग ती एकोणचाळीस पलंगांकडे गेली. दुपारी तिला चार मिनिटं मिळाली तेव्हा ती परत आली, पण अप्पांसाठी नाही. “सर, तुम्ही इंग्रजीत पेशंट व्हाल का?” परीक्षा होती तिची, तिकडच्या नोकरीसाठी. शुभंकर स्टुलावर बसून इंग्रजीत पेशंट झाला; छातीत दुखतं म्हणाला. रम्याने इतक्या मायेने आणि इतक्या व्याकरणशुद्ध इंग्रजीत त्याची विचारपूस केली की शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने त्याला स्वतःचं मोसंबं देऊ केलं. घरी जाताना अप्पांनाही कार्ड भरायला दिलं. आपण समाधानी आहात का, त्याखाली हो आणि नाही. अप्पांनी दोन्ही खोडून सरकारी अक्षरात लिहिलं: ‘नर्स एकच आहे. ती चांगली आहे. तीही चालली आहे.’ ते कार्ड कुठल्या खान्यात गेलं असेल, असा विचार शुभंकरच्या मनात त्या वेळी आला नव्हता. आता आला. बहुतेक ‘इतर’.

तिकडच्या चौदा नंबरच्या माणसाला अक्का मिळाली होती, अप्पांना रम्या मिळाली होती, आणि रम्या गेल्यावर पुढच्या कोणाला तरी कोणीतरी मिळेल अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती. अक्का ज्या दिवशी गेली त्या दिवशी विमानतळावर शुभंकरने खूप विनोद केले होते. ती कठड्यापलीकडे गेली, बॅग पट्ट्यावर ठेवली, वळली आणि लांबूनच पंजा उघडून विचारलं, दहापैकी किती? त्याने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. इतक्या लांबून तिने त्याच्याकडे कसं बघितलं ते दिसलं नाही. ते दहा त्याला अजून कुठेतरी टोचत होते.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बटण होतं: ‘मी या व्यक्तीला ओळखतो.’ ओळखीचं कोणी निघालं तर दाबायचं, नियमच होता. पण सात समुद्रांपलीकडच्या नाव नसलेल्या पेशंटच्या नाव नसलेल्या नर्सला व्हाइटफील्डमधलं कोण ओळखणार, म्हणून ते चार वर्षांत कोणी दाबलेलं नव्हतं. कॅन्टीनमध्ये एक मत असं होतं की त्या बटणाला मागे वायरच नाही. शुभंकरने दोन्ही खान्यांवरून बाण काढून घेतला आणि बटण दाबलं. एक चौकोन उघडला. कसे ओळखता? त्याने लिहिलं, ‘पलंगावरून.’ आभारी आहोत, असं पडद्यावर आलं आणि चौदा नंबर निघून गेला.

आपण काहीतरी मोठं केलं असं त्याला वाटलं. हे कार्ड आता कुठल्यातरी वरच्या मजल्यावर, गंभीर माणसांच्या टेबलावर जाईल. तो पाणी प्यायला उठणार तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून विराजचा आवाज आला. विराज नागपूरहून आठ महिन्यांपूर्वी आलेला. “शुभंकर, हे काय येऊन राहिलं बे माझ्याकडे? लाल अक्षरात.” बटणाला वायर होती, पण ती शेजारच्या खुर्चीपर्यंतच होती. “चौदा नंबरचा पलंग,” विराज वाचू लागला, “तिरका लावला… आता सरळ झाला… हे कशात टाकू? सुरक्षा ना?”

“मला विचारू नकोस,” शुभंकर म्हणाला. “मी ओळखतो.”

“कोणाला ओळखतो तू इंग्लंडात?”

“पलंगाला.”

विराजने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं. बंगळूरच्या मराठी माणसांविषयी त्याचं एक मत हळूहळू तयार होत होतं. “तब्येत बरी आहे ना?” त्याने विचारलं आणि पुन्हा पडद्याकडे वळला. “लाल अक्षरात आलं म्हणजे पूर्ण वाचावं लागते म्हणे. खालीच लिहिलं आहे.” आणि त्याने ‘पुढे वाचा’वर टिचकी मारली. शुभंकरला तेव्हा कळलं की आपण दोन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या बहिणीविषयी कोणाचं तरी लिहिलेलं वाचत होतो, आणि तेही चार ओळी वाचून थांबलो होतो.

विराज वाचत होता, इंग्रजी वाक्य, मग त्याचं स्वतःचं मराठी, अशा चालीने. “‘मी चाळीस वर्षं जहाजावर दिशा बघायचं काम केलं.’ बरं. ‘म्हणून मला राग आला. मी मुलाकडून माझं जुनं होकायंत्र मागवलं आणि तीन दिवस तपासलं.’ काय रिकामा माणूस आहे. ‘पलंग बरोबर आहे. इमारत चुकली आहे.’” इथे विराज थांबला आणि ते वाक्य त्याने स्वतःसाठी पुन्हा एकदा वाचलं. “‘बेलची दोरी पुरत नव्हती. नर्सने तिला पट्टी जोडली आणि माझ्या उशाला बांधून दिली, दोनदा ओढून बघायला लावली. मी विचारलं, हे कुठे शिकलीस. म्हणाली, वडिलांकडे. त्यांना कोणीतरी कळवा की त्यांनी बरोबर शिकवलं आहे. ती रोज मला दहापैकी किती बरं वाटतंय ते विचारते. मी आठ सांगतो. दहा सांगितलेलं तिला पटत नाही.’” विराजने खुर्ची थोडी मागे घेतली. “‘जेवण वाईट.’ संपलं.”

म्हणजे कार्ड शेवटपर्यंत वाचणारा त्या मजल्यावर फक्त कॉम्प्युटर होता, आणि शेवटचं वाक्य त्याला जास्त पटलं होतं.

शुभंकर खिडकीकडे बघत होता. खाली व्हाइटफील्डची वाहनं एकमेकांना समांतर, अजिबात न हलता उभी होती. “बेल हाताशी आहे म्हणते,” विराज आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “मग सुरक्षा कायची? वागणूक, चांगली. बरोबर?” शुभंकरने मान खिडकीकडेच ठेवली. “तुले विचारतच नाहीये,” विराज म्हणाला आणि त्याने टिचकी मारली. इतका छोटा आवाज. मग तो सहज म्हणाला, “बाप काय माणूस असन बे त्या बाईचा.” शुभंकर स्वच्छतागृहात गेला, तोंडावर पाणी मारलं, रुमाल ओला करून कपाळावर धरला आणि आरशात बघून स्वतःला सहा दिले.

संध्याकाळी मेट्रोने मॅजेस्टिकला गाडी बदलून तो घरी आला तेव्हा अप्पा पडवीत बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. कार्डातलं बाहेर बोलायचं नाही असा कंपनीचा कागद होता आणि त्यावर त्याची सही होती. तो चपला काढत म्हणाला, “अप्पा, इमारत चुकू शकते का हो?”

“इमारतच चुकते,” अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले. “पण ती हलवता येत नाही. म्हणून पलंग हलवायचा.” मग त्यांनी मान वर केली. “का? ऑफिस तिरकं आहे का तुझं?”

“एकाने म्हटलं,” शुभंकर म्हणाला, “जहाजावरचा होता. म्हणाला, पलंग बरोबर असतो.”

अप्पांनी चष्मा काढून पुसला. “जहाजावरची माणसं समजतात,” ते म्हणाले, आणि कोड्यातला एक शब्द भरला, जो चुकीचा होता.

आत जाताना शुभंकरच्या डाव्या पायाची करंगळी अक्काच्या पलंगाच्या कोपऱ्यावर आदळली. वळसा घालायची सवय असूनही गेली दोन वर्षं ती अधूनमधून आदळत होती. रिकामा पलंग खोलीच्या मधोमध कोपरा काढून उभा होता, आई दर सोमवारी त्याची चादर बदलत होती आणि हा पलंग भिंतीला लाव असं कोणी कोणाला म्हणत नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी फोन आला. अक्का पडद्यात मावत नव्हती. आधी कपाळ आलं, मग हनुवटी. “झाला,” ती म्हणाली. “पक्का. वॉर्डात सगळ्यांत जास्त समाधान माझ्या बाजूला म्हणे. मला तर वाटत होतं पलंगांवरून ओरडा बसेल.”

“कसले पलंग?” आईने विचारलं.

“काही नाही गं. शुभ्या, तू का गप्प?”

“मी खूश आहे,” शुभंकर म्हणाला.

“दहापैकी किती?”

त्याने तोंड उघडलं. आई बघत होती, अप्पा बघत होते. “सात,” तो म्हणाला.

पडद्यातल्या अक्काने मनगटाने नाक पुसलं. “सात चांगले आहेत,” ती म्हणाली. “विमानतळावर फार खोटं बोलला होतास.”

आईने केसरीभात केला. चौथ्या वाटणीची वाटीही भरली आणि मग ती शेजारी पाठवून दिली. जेवण झाल्यावर अप्पा हात पुसत खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि कुणाचीतरी जमीन मोजून झाल्यासारखं म्हणाले, “आता तो पलंग भिंतीला लावला तरी चालेल. जागा होईल.” आई भांडी आवरत होती, तिचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. बापलेकांनी पलंग दोन्हीकडून धरला. तो सतरा अंश फिरला आणि भिंतीला टेकला. बारीक ठक असा आवाज झाला. तिकोनात एक कंगवा, एक वाळलेला खडू आणि साडीची एक पट्टी निघाली. खोली एकदम एवढी मोठी झाली की दोघांना कुठे उभं राहावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासून शुभंकर त्या खोलीतून निघाला आणि मधोमध आल्यावर त्याचं शरीर आपोआप उजवीकडे कललं, डावा पाय उचलला गेला आणि नसलेल्या कोपऱ्याला त्याने वळसा घातला. इतक्या सफाईने की त्याला ते दारापाशी गेल्यावर कळलं. तो परत आला. पुन्हा चालून बघितलं, सरळ जायचं ठरवून. पाय पुन्हा वळला. करंगळीला काहीच लागलं नाही, आणि त्या न लागण्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याने अप्पांच्या कपाटातून पितळी होकायंत्र काढलं, जमिनीवर ठेवलं, सुई थांबेपर्यंत वाट बघितली आणि पलंग ओढायला सुरुवात केली. एकट्याला तो जड होता. पलंगाचे पाय फरशीवर किंचाळले. अर्ध्यावर आला तेव्हा स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आई आली, काही न बोलता तिने दुसरी बाजू धरली, आणि पलंग खोलीच्या मधोमध पूर्वीसारखा कोपरा काढून उभा राहिला. शुभंकरने कंगवा, खडू आणि पट्टी उचलून उशामागच्या तिकोनात पुन्हा टाकली.

मग त्याला दारात कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. अप्पा होते, अंगात बनियन, हातात दुधाची पिशवी. त्यांनी पलंगाकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग एक डोळा मिटून पुन्हा पलंगाकडे बघितलं.

“अजून स्वल्प,” ते म्हणाले.